कोलकात्याच्या जुन्या दफनभूमींची पायी सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलकात्याला येणाऱ्या मराठी मंडळींना आम्ही इथल्या जुन्या दफनभूमी पायी हिंडून दाखवतो. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर बहुतेक वेळा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना फक्त कुठले बूट घालायचे एवढंच हवंय, त्यांनी सरळ खाली उतरावं.

सुट्टीत फिरायला आलोय. दफनभूमीत कशाला जायचं?

व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, दक्षिणेश्वर, बेलूर मठ हे सगळं बघाच. पण ज्या कलकत्त्यातून ईस्ट इंडिया कंपनीने एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार हाकला, ते अठराव्या शतकातलं शहर आता फारसं दिसत नाही. साहेबांचे बंगले पडले, त्यांच्या जागी दुकानं आली, ऑफिसं आली, फ्लॅट आले. त्या माणसांची घरं गेली, थडगी मात्र राहिली. आणि थडग्यावर नाव, वय, हुद्दा, कधीकधी मरणाचं कारणसुद्धा लिहिलेलं असतं. इतिहासाच्या पुस्तकात गव्हर्नर जनरल भेटतात. इथे कारकून, मिडशिपमन (आरमारातले शिकाऊ अधिकारी), वकील, शाळामास्तर आणि त्यांची बाळं भेटतात.

एक विनंती आम्ही सुरुवातीलाच करतो. थडग्याची उंची बघून थांबू नका, दगडावरचं वय वाचा. पहिल्या दहा मिनिटांतच या सफरीचा विषय तुमच्या लक्षात येईल.

कुठल्या कुठल्या जागा दाखवता?

नेहमीच्या सफरीत तीन. डलहौसी भागातल्या सेंट जॉन्स चर्चचं आवार, पार्क स्ट्रीटवरची साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री आणि तिथून चालत थोड्याच अंतरावर असलेली लोअर सर्क्युलर रोड सिमेट्री. क्रम हाच ठेवतो, कारण तो कालक्रमही आहे : सतराव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्या शतकापर्यंत. वेळ असणाऱ्यांसाठी कराया रोडवरची स्कॉटिश सिमेट्री आणि बडाबाजारातलं आर्मेनियन चर्चही करता येतं, पण ते वेगळ्या दिवशी केलेलं बरं. एकाच दिवशी पाच ठिकाणं केली की शेवटी डोक्यात नुसता दगडांचा ढीग उरतो.

सेंट जॉन्समध्ये काय आहे?

चर्च १७८७ सालचं, पण आवार त्याहून जुनं. कंपनीच्या वखारीतल्या लोकांना आधी इथेच पुरत. चर्चसाठी जमीन दिली ती शोभाबाजारच्या राजा नबकृष्ण देव यांनी.

आवारातली सगळ्यात प्रसिद्ध कबर कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक याची. १६९० च्या ऑगस्टमध्ये तो इथल्या सुतानुटी गावाच्या काठावर उतरला आणि १६९३ च्या जानेवारीत वारला. वरची अष्टकोनी इमारत त्याच्या जावयाने, चार्ल्स आयरने, बांधली. आतली शिळा मद्रासकडून आणलेली आहे आणि या जातीच्या खडकाला भूवैज्ञानिकांनी पुढे ‘चार्नॉकाइट’ असंच नाव दिलं. शहराचा संस्थापक म्हणून चार्नॉकचं नाव पाठ्यपुस्तकांत असायचं. २००३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं, त्याला संस्थापक म्हणता येणार नाही, आधीपासून इथे गावं होती. माझ्या मते निकाल योग्यच आहे. कबर मात्र बघण्यासारखी आहे, तिला संस्थापकपद गमावल्याने काही फरक पडलेला नाही.

मराठी माणसाने जास्त वेळ थांबावं असं थडगं जवळच आहे : ॲडमिरल चार्ल्स वॉटसन. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या कागदपत्रांतल्या ‘घेरिया’वर, तोफा डागून तुळाजी आंग्रे यांचं आरमार जाळणारा हाच तो वॉटसन. त्या मोहिमेत जमिनीवरच्या सैन्यासोबत क्लाइव्ह होता आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आपल्याकडे जरा हळू आवाजात सांगितलं जातं. तिथून वॉटसन बंगालकडे आला, जानेवारी १७५७ मध्ये त्याने कलकत्ता सिराजउद्दौल्याकडून परत घेतलं, मार्चमध्ये चंदननगर घेतलं, जूनमध्ये प्लासी झाली आणि ऑगस्टमध्ये इथल्या तापाने तो गेला. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचं स्मारक आहे, त्यावरही घेरियाचं नाव कोरलेलं आहे. कोकणातून आलेली मंडळी इथे हमखास गप्प होतात आणि मग एकदम सगळे बोलायला लागतात.

याच आवारात बेगम जॉन्सन या इंग्रज बाईचीही कबर आहे. चार लग्नं, सत्याऐंशी वर्षांचं आयुष्य. ती १८१२ मध्ये वारली आणि त्याच वर्षी तिच्या मुलीचा मुलगा, लॉर्ड लिव्हरपूल, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. हे सत्याऐंशी लक्षात ठेवा, कारण पुढच्या ठिकाणी असे आकडे भेटणार नाहीत.

साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री एवढी प्रसिद्ध का आहे?

ही १७६७ साली सुरू झाली. त्या काळी युरोपात बहुतेकांना चर्चच्या अंगणातच पुरत. पॅरिसची प्रसिद्ध पेर लाशेज दफनभूमी १८०४ ची. त्याच्या कितीतरी आधी, चर्चपासून दूर, शहराच्या वेशीबाहेर, फक्त दफनासाठी राखलेली एवढी मोठी जागा कलकत्त्यात होती. आज जिला सगळे पार्क स्ट्रीट म्हणतात, त्या रस्त्याचं जुनं नावच ‘बरिअल ग्राउंड रोड’. सरन्यायाधीश एलायजा इम्पे यांच्या हरणांच्या पार्कवरून नंतर पार्क स्ट्रीट झालं, आता पाटीवर मदर तेरेसा सरणी आहे. टॅक्सीवाल्याला मात्र पार्क स्ट्रीटच सांगा.

आत शिरलं की उजव्या-डाव्या बाजूंना पिरॅमिड, ओबेलिस्क (वर निमुळते होत जाणारे चौकोनी स्तंभ), घुमट, ग्रीक खांबांचे मंडप. सोळाशेच्या आसपास थडगी आहेत आणि त्यांवर आंब्याची, अशोकाची, वडाची दाट सावली. बाहेर बसचे हॉर्न आणि आत ओल, शेवाळ, पोपट.

थडगी एवढी अवाढव्य कशासाठी बांधली?

दोन-तीन कारणं एकत्र आली. पहिलं म्हणजे पैसा. कंपनीच्या नोकरीत पगार बेताचा होता, पण खासगी व्यापारावर आणि नजराण्यांवर माणसं गब्बर होत. दुसरं, आसपास मुसलमान अमीर-उमरावांचे मकबरे होते, ते पाहून साहेबांनाही घुमटाची हौस आली. तिसरं, युरोपात तेव्हा ग्रीक-रोमन आणि इजिप्शियन नमुन्यांची चलती होती. त्यामुळे एखाद्या मंडपाला खाली ग्रीक खांब आणि वर मुघली घाटाचा घुमट असाही प्रकार दिसतो.

सामान मात्र अगदी साधं आहे. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगड नाही, म्हणून सगळं विटेचं काम, वर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यातच काढलेली दगडी जोडकामाची नक्कल. दगड लागला तो नावाच्या पाटीपुरता. गिलावा सुटला की आतली वीट उघडी पडते, विटेच्या फटीत पिंपळ रुजतो आणि पुढचं काम पिंपळ करतो. गाइडबरोबर असाल तर दुरुस्त केलेलं थडगं आणि न केलेलं थडगं शेजारी शेजारी दाखवायला सांगा. जिथे चुन्याऐवजी सिमेंट वापरलंय तिथे भिंत कशी घामाघूम होते तेही दिसेल. सिमेंट ओल आत कोंडतं. चुना ती बाहेर जाऊ देतो.

लोक इतके तरुण कसे मेले?

कॉलरा, मलेरिया, हगवण, बाळंतपण, नदीत बुडणं, आणि जहाजावरून उतरताना आधीच खिळखिळी झालेली तब्येत. १६९० च्या सुमारास मुंबईला येऊन गेलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने तिथल्या इंग्रजांमधली एक म्हण टिपून ठेवली आहे : माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. म्हण मुंबईची, पण तिचा पुरावा बघायचा तर इथे बघावा.

रोज एल्मर वीस वर्षांची होती, १८०० च्या मार्चमध्ये गेली. तिचं थडगं पिळदार शंकूसारखं आहे, एकदा पाहिलं की विसरत नाही. वेल्समध्ये असताना वॉल्टर सॅव्हेज लँडर या कवीशी तिची मैत्री होती. तिच्या मृत्यूची बातमी कळल्यावर त्याने आठ ओळी लिहिल्या, त्या आज थडग्यावर कोरलेल्या आहेत. कॉलऱ्याने गेली असं सांगतात. विल्यम हिकी नावाचा त्या काळचा वकील मात्र आपल्या आठवणींत सगळा दोष अननसाला देतो : फार खाल्ले, पोट बिघडलं. बिचाऱ्या अननसाची बाजू घ्यायला तेव्हा कोणी नव्हतं. पाणी कुठल्या तळ्यातलं होतं, हा प्रश्न कोणाला पडायला अजून अर्धं शतक जायचं होतं.

बावीस वर्षांचा हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ. पोर्तुगीज वंशाचा, इथेच जन्मलेला, हिंदू कॉलेजात विद्यार्थ्यांपेक्षा जेमतेम थोडा मोठा मास्तर. त्याच्या वर्गातली मुलं देवधर्मावर, जातीवर, स्त्रियांच्या शिक्षणावर उघड वाद घालू लागली, त्यांनाच पुढे ‘यंग बेंगॉल’ म्हणू लागले. पालक भडकले, १८३१ मध्ये त्याला कॉलेज सोडावं लागलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॉलऱ्याने तो गेला. इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी तो एक. त्याच्या कबरीवर ताजी फुलं दिसतात, पिरॅमिडांवर दिसत नाहीत.

बावीसचाच आणखी एक : वॉल्टर लँडर डिकन्स, कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा मुलगा. सैन्यात लेफ्टनंट, डोक्यावर कर्ज, ३१ डिसेंबर १८६३ ला कलकत्त्यात मृत्यू. बातमी बोटीने जाऊन बापाला मिळाली ती त्याच्या वाढदिवशी, ७ फेब्रुवारीला. त्याला पुरलं होतं भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत, पण त्याची शिळा नंतर इथे आणून बसवली. त्याचं नाव ठेवलं होतं ते वर उल्लेख केलेल्या लँडर कवीवरून, कारण तो डिकन्सचा मित्र आणि या मुलाचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. म्हणजे लँडरची मैत्रीण आणि लँडरच्या नावाचा मुलगा, दोघांच्या शिळा त्या कवीने कधी न पाहिलेल्या शहरात एकाच कुंपणाच्या आत आहेत.

पण विल्यम जोन्सचं काय? आम्ही त्याच्यासाठी येणार आहोत.

संस्कृतच्या प्राध्यापक मंडळींचा हा प्रश्न असतो आणि त्यांना थेट तिथेच नेतो. आवारातला सगळ्यात उंच ओबेलिस्क त्याचा. १७८३ मध्ये तो न्यायाधीश म्हणून आला, १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढली, १७८६ च्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा असाव्यात असं मांडलं, १७८९ मध्ये ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणलं आणि १७९४ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, गेला. थडग्यावरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवलेला : देवाला भ्यायला, मरणाला नाही, अशा अर्थाचा. एशियाटिक सोसायटी याच पार्क स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला, चौरंगीजवळ, अजून चालू आहे. जमलं तर त्याच दिवशी तीही इमारत बाहेरून बघून घ्या.

‘हिंदू स्टुअर्ट’ कोण?

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट, मूळचा आयर्लंडचा. रोज गंगेत स्नान करायचा, देवांच्या मूर्ती जमवायचा, मिशनऱ्यांच्या विरोधात पुस्तिका लिहायचा आणि युरोपीय बायकांनी साडी नेसावी असा वर्तमानपत्रातून आग्रह धरायचा. १८२८ मध्ये वारला. थडगं देवळाच्या घाटाचं आहे आणि त्याच्या लाडक्या मूर्ती त्याच्यासोबत पुरल्या असं सांगितलं जातं. त्याच्या संग्रहातला मोठा भाग आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. भक्ती आणि संग्रहाची हाव यांतली रेघ नेमकी कुठे होती, यावर आमच्या गटांत दर वेळी वाद होतो, आणि व्हावाच.

इथे भारतीय माणसं आहेत का?

साउथ पार्क स्ट्रीटमध्ये जवळजवळ नाहीत. अनेक साहेबांच्या घरी ‘बीबी’, म्हणजे सोबत राहणारी भारतीय बाई, असायची, त्यांना तिच्यापासून मुलं असायची. मृत्युपत्रांत अशा बायकांचा उल्लेख मिळतो, थडग्यांवर मिळत नाही. पालखी वाहणारे, विटा भाजणारे, गिलावा करणारे यांचीही नावं नाहीत. गाइडने हे सांगायला हवं. न सांगता फक्त गोऱ्या साहेबांच्या प्रेमकथा ऐकवणारी सफर मला अर्धवट वाटते.

ही उणीव तिसऱ्या ठिकाणी थोडी भरून निघते. लोअर सर्क्युलर रोड सिमेट्री १८४० ची. इथे कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत. १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले, १८६१ मध्ये मेघनाद नायक असलेलं महाकाव्य दिलं, आणि २९ जून १८७३ ला अत्यंत हलाखीत गेले. पत्नी हेन्रिएटा तीन दिवस आधी गेली होती. स्वतःच्या समाधीसाठी त्यांनी लिहिलेल्या ओळी तिथे आहेत. सुरुवात अशी : ‘दाँडाओ पथिकबर, जन्म यदि तव बंगे, तिष्ठ क्षणकाल’. बंगालात न जन्मलेला पथिकही थांबतोच. बंगाली शाळांची मुलं ही ओळ पाठ म्हणतात, त्यामुळे एखादा गट शेजारी असेल तर ती एका सुरात ऐकायला मिळते.

इथेच जॉन बेथ्यून आहेत, १८४९ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढणारे. पुण्यात भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे दोन्ही शहरांत हे एका वर्षाच्या अंतराने घडत होतं. गांधीजी आणि रवींद्रनाथ दोघांचेही स्नेही सी. एफ. ॲण्ड्रूज १९४० मध्ये वारले, त्यांची साधी कबरही इथेच. आणि काबूलमध्ये १८४१ च्या डिसेंबरात मारला गेलेला इंग्रजांचा वकील विल्यम मॅकनॉटन, ज्याचे अवशेष पत्नीने इथवर आणले.

मराठ्यांचा कलकत्त्याशी खरंच काही संबंध आहे, की तुम्ही आम्हाला खूश करायला सांगता?

खूश करण्यासारखा तो संबंध नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर दर वर्षी येत. सेनापती भास्करराम कोल्हटकर, ज्यांना इथे भास्कर पंडित म्हणतात. बंगालमध्ये त्या स्वारांना ‘बर्गी’ म्हणतात आणि बाळाला झोपवताना ‘बर्गी आले’ ही भीती अजून गाण्यातून घातली जाते. कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ मध्ये घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोच ‘मराठा डिच’. ठरले होते सात मैल, खणले गेले तीनेक. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. १७९९ मध्ये खंदक मोठ्या प्रमाणात बुजवून त्या बाजूने सर्क्युलर रोड केला. आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड त्याच रस्त्याचा दक्षिणेकडचा भाग. दुसऱ्या दफनभूमीतून तिसऱ्या दफनभूमीकडे जाताना मल्लिकबाजारच्या चौकात हाच रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नल मोठा आहे, तेवढ्या वेळात ही सगळी गोष्ट सांगून होते.

दफनभूमीत जाऊन आल्यावर आंघोळ, सुतक वगैरे?

घरच्या रीतीप्रमाणे करा, आम्ही त्यात पडत नाही. बऱ्याच आजी हॉटेलवर परतून आंघोळ करतात आणि कोलकात्याच्या दमट हवेत ती तशीही लागतेच. साउथ पार्क स्ट्रीटमध्ये दफन बंद होऊन पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली आहेत. आज तिथे शाळांच्या सहली येतात, चित्रकार बसतात. लोअर सर्क्युलर रोडची गोष्ट वेगळी. ती चालू दफनभूमी आहे, एखादं कुटुंब तिथे आपल्या माणसाला निरोप देत असू शकतं. अशा वेळी आम्ही तो भाग सोडून देतो, मग त्यात मधुसूदन राहिले तरी चालेल.

भुतं?

नाहीत. डास आहेत. रात्रीची सफर आम्ही करत नाही आणि भुताच्या गोष्टी सांगत नाही. वीस वर्षांच्या मुलीच्या थडग्यापाशी उभं राहून ‘बू’ करण्यात काही मजा नाही.

मुलांना आणावं का?

आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांना जरूर आणा. त्यांना आम्ही काम देतो : सगळ्यात लहान वय शोधा, सगळ्यात विचित्र हुद्दा शोधा, जहाजाचं चित्र कुठे आहे ते शोधा. मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त वाचतात. बाळांच्या कबरी पाहून एखादं मूल हळवं होतं, हे आधी माहीत असू द्या. तान्ह्या बाळाला डासांमुळे नको.

गाइड घ्यायलाच हवा का? आम्ही आपापले गेलो तर?

जाता येतं, कोणी अडवत नाही. पण आत पाट्या मोजक्याच आहेत, बरेच मजकूर झिजलेले आहेत आणि सोळाशे थडग्यांत तुम्हाला हवं ते शोधायला वेळ जातो. इथे इंग्रजी, बंगाली आणि हिंदीत सफर देणारे चांगले अभ्यासू लोक आहेत. गाइड ठरवताना एक प्रश्न विचारून बघा : रस्त्यापलीकडच्या दफनभूमीचं काय झालं? नॉर्थ पार्क स्ट्रीट सिमेट्री समोरच होती, तिथे कादंबरीकार थॅकरेचे वडील पुरले होते. १९५० च्या दशकात ती पाडली, आता तिथे चर्च, शाळा आणि हॉस्पिटल आहे. ज्याला हे माहीत आहे त्याला बाकीचंही बरंच माहीत असतं. दक्षिणेकडची वाचली ती १९७० च्या दशकापासून काही संस्थांनी आणि ख्रिश्चन बरिअल बोर्डाने दुरुस्तीला हात घातला म्हणून.

कधी यावं? किती वेळ लागतो?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे नको, घामाने जीव जातो. पावसाळ्यात शेवाळ इतकं सुंदर दिसतं की फोटोवाले मुद्दाम येतात, पण वाटा निसरड्या होतात आणि डास झुंडीने. सकाळी लवकर सुरू करतो. तिन्ही ठिकाणं मिळून अर्धा दिवस धरा. फक्त साउथ पार्क स्ट्रीट करायची तर दोन तास पुरतात. दुर्गापूजेच्या दिवसांत सफर नसते, कारण तेव्हा शहरात कुठूनही कुठेही पोचता येत नाही.

काय घालावं, काय आणावं?

मागे पट्टा असलेले किंवा बंद बूट, पूर्ण बाह्या, लांब पँट किंवा सलवार. ओडोमॉस, पाण्याची बाटली, छत्री. स्वच्छतागृहाची सोय आधीच बघून निघा, आत भरवसा धरू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मुख्य वाट सपाट आहे, आतल्या पायवाटा मुळांमुळे उंचसखल आहेत. व्हीलचेअर मुख्य वाटेपुरती जाते. तेवढ्यातही बरंच दिसतं, आधी कळवलंत तर मार्ग तसा आखतो.

फोटो काढू देतात का?

प्रवेशाचं छोटं तिकीट असतं. मोबाइलने आठवणीपुरते फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, मोठ्या कॅमेऱ्यासाठी आणि शूटिंगसाठी गेटवर आधी विचारावं लागतं. प्री-वेडिंगसाठी आम्ही मदत करत नाही. थडग्यांवर चढू नका, बसू नका. पुसट अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ फासण्याची सवय काहींना असते, ती इथे नको, चुन्याचा थर त्याने निघून येतो. अक्षरं वाचायची तर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, सावलीत खोदकाम उठून दिसतं.

पोचायचं कसं?

मुंबईहून गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद, दोन्ही हावड्याला येतात. हावड्याहून नदीखालून जाणारी मेट्रो घ्या, महाकरण स्टेशनला उतरलात की सेंट जॉन्स चालण्याच्या अंतरावर. तिथून एस्प्लनेडला गाडी बदलून पार्क स्ट्रीट स्टेशन. स्टेशनपासून साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, मल्लिकबाजारच्या अलीकडे. चालायला आवडत असेल तर अख्खा पार्क स्ट्रीट बघत जा, नाहीतर पिवळी टॅक्सी.

आर्मेनियन चर्चचा दगड खरंच १६३० चा आहे का?

चर्च १७२४ चं. आवारातल्या एका शिळेवर रेझाबीबी नावाच्या बाईचं नाव आहे आणि तिचं साल १६३० असं वाचलं गेलंय, म्हणजे चार्नॉकच्या साठ वर्षं आधी. काही अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही, काहींच्या मते दगड दुसरीकडून आणला असावा. जागेवर जा, दगड बघा, आणि बडाबाजाराच्या गर्दीतून तिथपर्यंत पोचल्याबद्दल स्वतःला शाबासकी द्या.

कोलकात्याला येणं जमणार नाही. जवळपास असं काही?

मुंबईत शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी. व्हीटी स्टेशनचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट दोघेही तिथे आहेत. पण इतिहासाच्या दृष्टीने मी सुरतेला आधी पाठवीन. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज दफनभूमीत जॉर्ज ऑक्झिंडेनचा दुमजली मकबरा आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख तोच होता. जवळच डच दफनभूमी आहे, आणि कोणाचा घुमट मोठा यावर दोघांची जणू शर्यत लागलेली दिसते. कोलकात्यातल्या पिरॅमिडांची सुरुवात एका अर्थी तिथेच आहे.

सफर संपल्यावर जेवायचं कुठे?

मल्लिकबाजारच्या चौकातच बिर्याणीची जुनी हॉटेलं आहेत. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो, तो काढून बाजूला ठेवू नका, इथे त्याला मटणाइतकाच मान आहे. शाकाहारी मंडळींनी पार्क स्ट्रीटच्या चौरंगीकडच्या टोकाला जावं, तिथे पर्याय भरपूर आहेत आणि चहा-केकचीही सोय आहे. रविवारी दुपारी दोन्हीकडे रांग असते, त्यामुळे साडेबाराच्या आत पोचण्याच्या हिशेबाने आम्ही सफर संपवतो.